सोफ्यात शिवलेली दुपार

ताईच्या वाट्याला आई नऊ वर्षं आली आणि ठिणगीच्या वाट्याला एक दुपार. बास, एवढंच. आणि ही वाटणी काही केल्या ठिणगीच्या घशाखाली उतरायची नाही.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे, मामाने ठेवलेलं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, जरा वारा लागला की भडका, म्हणून ठिणगी. शाळेत बाई एकदा भर वर्गात म्हणाल्या, "तुझी मोठी बहीण बघ आणि तू बघ," तेव्हा ही दप्तर उचलून जी बाहेर पडली ती परत गेलीच नाही. बाबांनी समजावलं, मामाने दम दिला, ताईने रडून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बाबांनी आईच्या पेटीतली सुई तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "बस मग इथं. निदान डोळ्यांसमोर राहशील."

इथं म्हणजे खाली, दुकानात. बसलेले सोफे, फाटक्या खुर्च्या, उंदरांनी पोटं पोखरलेले दिवाण, सगळं इथं यायचं आणि नवं कापड लेवून परत जायचं. बाबा सांगाडे ठोकायचे. मामा पट्टे ओढायचा, स्प्रिंगा बांधायचा. हातशिलाई पूर्वी आईकडे होती. वर दोन खोल्यांत घर. आई गेली तेव्हा ठिणगी जेमतेम तीन वर्षांची होती, म्हणजे धड भोकाड पसरायचं वय, आठवायचं नव्हे.

आणि ताई! ताईकडे आई ढिगाने होती. बसल्याजागी, काही कारण नसताना, खिशातली गोळी काढून तोंडात टाकावी तशी ती एखादी आठवण काढायची. "आई ना, चहा गाळताना डोळे मिटून घ्यायची, वाफेने." "आईला शिट्टी वाजवता यायची, पण बाबांसमोर नाही वाजवायची." ठिणगी दातओठ खात ऐकायची. मनात म्हणायची, खा, एकटीच खा, घशात अडकेल एक दिवस.

पण ठिणगीकडे तिची दुपार होती. ती तिने कुणाला दाखवली नव्हती. दाखवली की लोक हात लावतात, आणि हात लागला की वस्तू मळते.

ती दुपार अशी. दुकानात मोठा सोफा पालथा पडलाय, पाठ उघडी. ती आत शिरते. आत काथ्याचा वास, नाकात हुळहुळ. मग पाठीवर कापड येतं आणि अंधार होतो. बाहेर बसून आई शिवतेय आणि तिला पत्ताच नाही की लेक आत आहे. सुईचं टोक आत येतं, अगदी कानाशी, लकाकतं, परत बाहेर जातं. परत आत येतं. ती हसू दाबून बसलीये. आणि मग शिंक येते. बाहेर सगळं एकदम गप्प. मग कात्री, कर्र कर्र, आणि उजेडाच्या फटीतून आईचं तोंड. उलटं. डोळे हे एवढे मोठे.

एवढंच. पण ते तोंड तिच्याकडे बघत होतं. ताईकडे नाही.

सगळं बिनसलं ते ताईच्या कॉलेजमुळे. ताई मानसशास्त्र शिकत होती, म्हणजे माणसाचं डोकं कसं चालतं याचा अभ्यास. ठिणगीचं म्हणणं, आधी घरातल्या घरात तपासून घ्यावं चालतं का. तर कॉलेजात त्यांना काम दिलं होतं. घरातल्या माणसांना त्यांची सगळ्यात जुनी आठवण विचारायची, फोनवर रेकॉर्ड करायची, आणि काही दिवसांनी तीच पुन्हा विचारून काय काय बदललं ते बघायचं.

मामा टेम्पो घेऊन एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. ताई वरून चहा घेऊन आली आणि कटिंग टेबलावर फोन ठेवला. बाबांनी आपली सांगितली. सायकलवरून पडलो. ठिणगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला पडल्याशिवाय दुसरं काही आठवतच नाही का?"

"पडलेलं लागतं ना गं, म्हणून राहतं," बाबा म्हणाले.

"आता तू," ताई म्हणाली.

ठिणगी सांगणार नव्हती. देवाशप्पथ नव्हती. पण ताई अशा काही मायेने बघत होती, बिचारीकडे काय असणार अशा नजरेने, की ठिणगीची तार सटकली. म्हटलं, थांब, दाखवतेच. आणि तिने सांगितलं. काथ्यासकट, शिंकेसकट, उलट्या तोंडासकट.

सांगून झालं आणि तिने ऐटीत वर बघितलं. ताईचा चहा हातातच राहिला होता.

"हे तुला कोणी सांगितलं?" ताईने विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? मी होते आत."

"अगं... पण आत मी होते."



"काय?"

"मी होते. मला शिवलं होतं आईने. कानाजवळ सुई आली, मला शिंक आली. सगळं तेच. मी कितीदा..." ताई थांबली. मग हळूच म्हणाली, "हे बघ, रागावू नकोस. तीन वर्षांच्या आतलं सहसा कुणालाच राहत नाही. मेंदू तेव्हा तयारच झालेला नसतो तेवढा. मीच तुला सांगितलं असणार लहानपणी, आणि मग तुला वाटायला लागलं..."

"सहसा म्हणजे काय? पुस्तकात माझं नाव छापलंय?"

"तसं नाही गं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नसतो. आपण दरवेळी ती नव्याने जोडतो. त्यात दुसऱ्याचं ऐकलेलं पण जोडलं जातं, आणि जोड कुठे आहे ते आपल्यालाच दिसत नाही."

"मला जोड शिकवते! आयुष्यात कधी एक कुशन तरी शिवलंयस?" ठिणगी उठून उभी राहिली. "नऊ वर्षं आहेत तुझ्याकडे! शिट्टी आहे, वाफ आहे, नाही नाही ते आहे! माझ्याकडे एक होतं, तेही तुला पाहिजे? पोट भरत नाही का गं तुझं?"

"मला नकोय. बरं, तुझी. तुझीच आहे ती. झालं?"

हे जे 'बरं, तुझी' होतं ना, ते सगळ्यात वाईट. जुना फ्रॉक लहान झाला की द्यायची तसं.

"बाबा, तुम्ही सांगा!" ठिणगी ओरडली. "कोण होतं आत?"

बाबांनी कान खाजवला. हातोडी उचलली, परत ठेवली. "असं काहीतरी ऐकल्यासारखं वाटतंय खरं. थोरली असेल. का धाकटी? मी बहुतेक माल पोचवायला गेलेलो असणार."

"घरात पोरी दोन, आणि कुठली शिवली तेही माहीत नाही!" असं म्हणून ठिणगी धाडधाड जिना चढून वर गेली. दार इतक्या जोरात आपटलं की खाली खुर्ची शिवून घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "काही पडलं का?" बाबा म्हणाले, "नाही, रोजचंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कॉलेजला गेली. ठिणगीने तिच्याकडे बघितलंही नाही, पण ती कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीतून तिच्या पाठीवर डोळे रोखून उभी राहिली. पाठसुद्धा ताईची छान होती. सरळ, शहाणी. लोक म्हणायचे, अगदी आईसारखी चालते. ठिणगीला कुणी कुणासारखी म्हणत नसे.

खाली हिरव्या कापडाचा सोफा तयार होता. फक्त पाठ बंद करायची राहिली होती. हे काम ठिणगीचं. पाठीचं कापड बसवायचं, कडा आत दुमडायच्या आणि वाकड्या सुईने बाहेरून शिवायचं. सुई चंद्रकोरीसारखी वाकडी, कारण पाठ बंद झाली की आतून हात घालता येत नाही. ती दुमडीत शिरते आणि लगेच वर येते, माशाने पाण्यात डोकं बुडवून बाहेर काढावं तशी. टाका दिसतही नाही. या कामात ठिणगीला तोड नव्हती, हे मामासुद्धा कबूल करायचा, आणि मामा कुणाचं काही कबूल करणाऱ्यातला नव्हता.

ती शिवत होती आणि मनातल्या मनात ताईला शिव्या देत होती. एक टाका, एक शिवी. म्हणे कानाजवळ सुई आली. माझ्या कानाजवळ आली होती, तुझ्या नाही. माझ्या इथं, अशी आत...

तिचा हात थांबला.

तिने एक टाका घातला. हळू. मग तिने अजून न शिवलेल्या बाजूने डावा हात आत घातला, कापडाच्या मागे, आणि उजव्या हाताने पुन्हा टाका घातला. मग आणखी एक. आतल्या बोटांना काहीच लागलं नाही. लागणारच नव्हतं. वाकडी सुई आत येतच नाही! आख्खी पाठ शिवून झाली तरी तिचं टोक आत डोकावत नाही.

आधी तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. खोटं! ताईचं खोटं! ताई म्हणते सुई आत आली, आणि आईची सुई तर हीच. हीच पेटी, हीच वाकडी सुई. ताई आत नव्हतीच कधी! ये घरी, म्हणावं, ये फक्त, मानसशास्त्र काढते तुझं.

आणि मग, जेवताना दाताखाली खडा यावा तसं तिला कळलं. सुई तर तिच्याही कानाजवळ आली होती.

इतक्या पाठी शिवल्या तिने. रोज ही सुई हातात. रोज ती दुपार डोक्यात. आणि दोन्ही एकमेकांच्या शेजारी बसून कधी भांडल्या नाहीत, एकदाही नाही. तिला स्वतःचाच इतका राग आला की सुई टेबलाच्या फळीत खुपसली.

"अगं ए, मोडशील!" मामा पट्टे ओढत होता तिथून ओरडला. "काय झालं? भूत दिसलं का सोफ्यात?"

"मामा, आईने कधी कुणाला सोफ्यात शिवलं होतं?"

"आईने? नाही बुवा." मामाने पट्ट्याला खिळा ठोकला. मग दात दिसले. "तिलाच शिवलं होतं."

"कुणाला?"

"तुझ्या आईला! तुला माहीत नाही? आमच्या बाबांनी. अगं, चार-पाच वर्षांची असेल कारटी. मी मोठा, मी बाहेर बसून बघतोय आणि तोंड दाबून हसतोय. आमच्याकडे ही असली वाकडी सुई कुठली? बाबांचं एकच हत्यार, दाभण. गोणी शिवायचं दाभण घ्यायचे, आत खुपसायचे आणि तिरकं करून बाहेर काढायचे. टाका असा, की म्हशीलाही टोचावा. आणि ही आत गप्प! मग शिंकली. बाबांच्या हातातलं दाभण गळून पडलं. कात्रीने फाडलं, तर ही आतून त्यांच्या मिशांकडे बघून खदाखदा हसतेय. आयुष्यभर सांगायची ती. लग्न झालं तरी सांगायची. दाभण कानाला घासून गेलं म्हणायची, आणि कान दाखवायची. काही नव्हतं कानाला, पण दाखवायची."

ठिणगी ऐकत राहिली. म्हणजे ते उलटं तोंड आईचं नव्हतंच. आजोबांचं होतं. दोन्ही बहिणींनी, एकमेकींना न विचारता, आजोबांच्या मिशा काढल्या होत्या आणि तिथं आईला बसवलं होतं.

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं?" मामा म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. तुमची आई आहे."

दुपारभर ठिणगी विचित्र होती. म्हणजे तिची दुपार गेली होती, कायमची, हातात काही उरलं नव्हतं. त्याचं वाईट वाटत होतंच. पण त्याच्या शेजारीच दुसरं काहीतरी गुदगुल्या करत होतं. आईबद्दलची एक गोष्ट आता तिला माहीत होती आणि ताईला नव्हती. जन्मात पहिल्यांदा. ताई अजून त्या सोफ्यात बसलीये, बिचारी, दुसऱ्याच्या सोफ्यात, आणि तिला कुणी सांगितलेलं नाही. ठिणगीने ठरवलं, सांगायचंच नाही. बस म्हणावं. मी पण चघळत बसते, आणि तू बघ.

संध्याकाळच्या आत ताई आली. येताना ठिणगीला आवडणारी शेंगदाण्याची पुडी घेऊन आली, म्हणजे रात्रभर विचार केला होता तर. पुडी टेबलावर ठेवून म्हणाली, "ऐक. मी ठरवलंय. मी ती आठवण तुझ्या नावावरच देते प्रोजेक्टला. माझ्याकडे दुसऱ्या आहेत."

झालं. 'माझ्याकडे दुसऱ्या आहेत.' ठिणगीचं ठरवणं तिथल्या तिथं जळून खाक झालं.

"ठेव तुझं दान तुझ्याकडे!" ती कडाडली. "माझी नाहीये ती, आणि तुझीही नाहीये! आईची आहे! आजोबांनी आईला शिवलं होतं, दाभणाने! आईची सुई आत येत नाही, ही बघ, घाल हात, घाल! तू नव्हतीस आत! तुला आईने गोष्ट सांगितली आणि तू ती चोरलीस, आणि तुझ्याकडून मी चोरली! मामाला विचार!"

ताईने मामाकडे बघितलं. मामाने मान हलवली आणि उगाचच पट्टे मोजायला लागला.

ठिणगी वाट बघत राहिली. आता ताई रडेल, मग मला बरं वाटेल. पण ताई रडली नाही. ती त्या हिरव्या सोफ्याच्या हातावर बसली आणि डोळे बारीक करून समोरच्या भिंतीकडे बघायला लागली, दूरची पाटी वाचावी तसं.

"काय बघतेस?"

"आई मला सांगत असणार ना ती गोष्ट," ताई म्हणाली. "कुठेतरी बसून. बहुतेक झोपताना. मी तिच्याजवळ असणार. तिचा हात असणार. ते आठवतं का बघतेय."

"मग?"

"नाही आठवत." ताईचा आवाज अगदी साधा होता. "सोफा आठवतो. काथ्या आठवतो. जिथं मी नव्हतेच ते सगळं आठवतं. जिथं होते तेच गेलं. गोष्ट ठेवली गं मी, आणि सांगणारी टाकून दिली." मग भिंतीकडे बघतच, "शिट्टीचं तरी खरं असेल ना?"

ठिणगीला इतकी वर्षं हेच पाहिजे होतं. ताईचे हात रिकामे. आणि आता ते समोर होते तर तिला बघवेना. आणि असं झालं की तिला दुसरं काही येत नसे, ती खेकसायची.

"शिट्टीचं मामाला विचार, भिंतीला काय विचारतेस! आणि रडायचं असेल तर कापडावर नको, गिऱ्हाइकाचं आहे." मग तोंड वळवून म्हणाली, "तू मला सांगायचीस ते मला आठवतंय."

"काय?"

"तूच. आत्ताच आठवलं, तू झोपतानाचं म्हणालीस तेव्हा. बाबांचा स्वेटर घालून बसायचीस, बाह्या लोंबत्या. पांघरूण दोघींच्या डोक्यावरून. आणि मग बोलायचीस. असं. 'मग क्काय! अंधार म्हणजे अंधाऽऽर! बोलायची सोय नाही, हलायची सोय नाही, आणि राणीसाहेब आत!' आणि 'राणीसाहेब' म्हणताना खांदे उडवायचीस. असे."

ठिणगीने खांदे उडवले. मामाचा पट्टा हातातून सुटला आणि सटकन भिंतीवर आपटला.

ताई उभी राहिली होती. "परत म्हण."

"काय?"

"परत म्हण ना. मी तशी नाही बोलत. मी कधी राणीसाहेब म्हटलंय? कधी खांदे उडवलेत मी?"

नव्हते उडवले. ताई बोलताना पुतळा. ठिणगीने मामाकडे बघितलं. मामा तिच्याकडे असं बघत होता की तिला आपल्याच खांद्यांची लाज वाटली.

"ही तीच. तुमची आई अशीच बोलायची," मामा एवढंच म्हणाला.

"का ही आईच, असं मीच आता धरून चाललेय," ताई पुटपुटली. "ऐकायचंय म्हणून ऐकू येत असेल. तुझं पण, मामा बोलला त्यावरून तू आत्ताच बनवलं असशील, असं होतं माणसाचं..."

"बोंबल! लागली परत शंका काढायला!"

"बरं, बरं. नाही काढत. म्हण ना परत. थांब, रेकॉर्ड करते." ताईने घाईघाईने फोन काढला.

"रेकॉर्डबिकॉर्ड काही नाही." ठिणगीने फोनवर हात ठेवला. ताई तिच्याकडे अशी बघत होती जशी ती स्वतः इतकी वर्षं ताईकडे बघत आली होती. हावरटासारखी. "हे मला आठवलंय. तुला नाही. तुझ्या कॉलेजात जाणार नाही हे, कुठेच जाणार नाही. हे माझं आहे."

"तुझंच आहे बाई. पण म्हण."

"आधी कबूल कर."

"केलं."

"नीट कर. हे काय, 'बरं, तुझी'सारखं."

ताईने एकदा मामाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि दात चावून म्हणाली, "तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही. झालं समाधान? आता म्हण, नाहीतर कानफटात देईन."

हे मात्र अगदी मनापासून होतं. ठिणगीने शेंगदाण्याची पुडी फोडली, चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. ताई उभीच होती.

मग तिने घसा साफ केला.